युद्धातून वाचून कोल्हापुरात आलेल्या आजीची हकीगत कशी नोंदवून ठेवावी

कोल्हापुरातल्या काही घरांत अशी एखादी आजी असते किंवा होती, जिचे माहेर कुठे होते हे घरातल्या कोणालाच धड सांगता येत नाही. कोणी दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, ब्रह्मदेशातून पायी निघालेल्या कुटुंबातली लहान मुलगी होती, तर कोणी फाळणीनंतर सिंधमधून येऊन कोल्हापूरजवळच्या गांधीनगरच्या बराकींत वाढली. घरच्यांना ‘आजी लढाईच्या वेळी रंगूनहून आली’ एवढेच ठाऊक असते. या एका वाक्याच्या पलीकडे जाऊन तिची हकीगत नीट नोंदवायची असेल तर काय करावे, हे मी माझ्या आजीच्या बाबतीत जे केले आणि जे चुकले त्याच्या आधाराने सांगत आहे. आजी रंगूनमध्ये जन्मली, दहाव्या वर्षी आईवडिलांबरोबर तिथून निघाली आणि पुढे लग्न होऊन शिवाजी पेठेत नांदली. मी तिचे बोलणे ध्वनिमुद्रित केले तेव्हा तिने ऐंशी ओलांडली होती. त्या पिढीतली जी माणसे आज हयात आहेत ती नव्वदीच्या आसपासची किंवा पुढची आहेत, म्हणून हे काम दिवाळीच्या सुटीवर ढकलू नये.

विचारण्याआधी पाहावे

पहिले पंधरा दिवस काहीही विचारू नये. आजी काय करते, काय टाकत नाही, कशावरून चिडते आणि पैसे मोजताना कोणत्या भाषेत आकडे पुटपुटते, हे नुसते पाहावे आणि वहीत टिपावे. माझी आजी रोज अंघोळ झाल्यावर सहाणेवर चंदन उगाळत असे. देवांना गंध लावून झाले की उरलेले गंध ती कपाळाला न लावता दोन्ही गालांवर बोटाने गोल फिरवी आणि ते वाळून पांढरट होईपर्यंत तशीच ओट्याशी वावरे. उन्हाळ्यात गालांना गार वाटावे म्हणून ती हे करते, अशी आम्हा नातवंडांची समजूत होती. ब्रह्मदेशातल्या बायका आणि मुली थनाखा नावाच्या झाडाची साल दगडावर पाण्यात उगाळतात आणि तिचा लेप असाच गालांवर लावतात, हे मला पुढे एका छायाचित्रात दिसले आणि त्या दिवशी मी तिला पहिला प्रश्न विचारला: “आजी, गालाला लावायला तुला कुणी शिकवलं?” शेजारच्या घरातल्या एका बर्मी मुलीने शिकवले, असे ती म्हणाली आणि त्यानंतर ती मुलगी, तिच्या दारातला मोठा रांजण, रस्त्यावरची ट्राम आणि लांबून दिसणारा श्वेडगोन पॅगोड्याचा सोनेरी कळस, असे एकामागून एक निघत गेले. ‘रंगूनबद्दल सांग’ असे आम्ही लहानपणापासून शंभर वेळा म्हटले होते, पण त्यातून कधी चार वाक्यांपुढे काही आले नव्हते.

म्हणून मुलाखतीच्या आधी अशा पाच-सहा सवयी हेरून ठेवाव्यात. उरलेला भात ती कसा राखते, प्रवासाला निघालेल्या माणसाच्या पिशवीत काय कोंबते, कोणते भांडे मोडीत घालू देत नाही, कोणत्या आवाजाने दचकते, अशा गोष्टी त्या काळाने तिच्या अंगी लावलेल्या असतात. त्या ती रोज आपल्यासमोर करत असते, त्यामुळे त्यांच्याबद्दल विचारले तर तिला परीक्षा घेतल्यासारखे वाटत नाही.

बैठक आणि ध्वनिमुद्रण

वेळ दुपारच्या चहानंतरची धरावी. जेवणानंतर रात्री हा विषय काढू नये. पहिल्याच आठवड्यात मी एकदा रात्री बोलणे लांबवले, तेव्हा आजी पहाटेपर्यंत जागी राहिली आणि दुसऱ्या दिवशी तिने कोणाशी बोलणे टाळले. एका वेळी पाऊण तास पुरे होतो आणि आठवड्यातून एकच बैठक ठेवावी. बोलणे संपल्यावर लगेच उठून जाऊ नये, तर तिच्याबरोबर थोडा वेळ बसावे आणि गल्लीतले, घरातले काहीतरी आजचे बोलून मगच निघावे.

तिच्या हातात काम असू द्यावे. जन्मभर राबलेल्या बाईला रिकाम्या हाताने खुर्चीवर बसून बोलणे अवघड जाते, उलट खाली पाहत लसूण सोलताना किंवा गवारीच्या शेंगा मोडताना शब्द सहज येतात. मात्र स्टीलच्या ताटात शेंगदाणे निवडायला दिले तर पडणाऱ्या प्रत्येक दाण्याचा आवाज ध्वनिमुद्रणात बोलण्याच्या वर ऐकू येतो. माझी पहिली दोन ध्वनिमुद्रणे अशीच वाया गेली. त्यानंतर मी ताटाऐवजी सूप दिले आणि फोन चार पदरी घडी घातलेल्या टॉवेलवर, तिच्यापासून हातभर अंतरावर, जरा बाजूला ठेवू लागले. पंखा बंद ठेवावा, फोन विमान मोडवर टाकावा आणि आधी दोन मिनिटांचे मुद्रण करून ते ऐकून पाहावे. प्रत्येक वेळी सुरुवातीला तारीख, ठिकाण आणि उपस्थित माणसांची नावे स्वतःच्या आवाजात सांगावीत, कारण दहा वर्षांनी फाईलचे नाव बदललेले असू शकते, पण आत बोललेली तारीख तशीच राहते. फाईलचे नाव वर्ष, महिना, दिवस या क्रमाने द्यावे आणि त्याच रात्री दुसरी प्रत करून ठेवावी.

फोन चालू केला म्हणून बोलण्याची रीत बदलू नये. घरात आपण आजीला ‘तू’ म्हणत असलो तर ‘तू’च म्हणावे. शेजारच्या आज्जींकडे गेलो तर अर्थात ‘तुम्ही’, आणि पहिल्या भेटीत घरातले कोणीतरी ओळखीचे माणूस शेजारी बसवून घ्यावे.

काय विचारावे

‘युद्ध कसे होते’ हा प्रश्न निरुपयोगी आहे. दहा वर्षांच्या मुलीने युद्ध पाहिलेले नसते. तिने आईचा घाबरलेला चेहरा पाहिलेला असतो, अर्धा शिजलेला भात चुलीवर टाकून निघालेले घर पाहिलेले असते. म्हणून प्रश्न वस्तूचा असावा: त्या दिवशी चुलीवर काय होते, बोचक्यात काय बांधले, ते कोणाच्या डोक्यावर होते, पाणी कशातून प्यायलात, रात्री कोण जागे राही, पायात काय होते. या शेवटच्या प्रश्नाला मिळालेले उत्तर मी जसेच्या तसे लिहून ठेवले आहे (त्यातले टामू हे मणिपूरच्या सीमेवरचे ब्रह्मदेशातले गाव): “पायात काय असणार? सपाता हुत्या, त्या टामूच्या अलीकडंच फाटल्या. मग आईनं लुगड्याचा काठ फाडून बांधला. काठ लई घट्ट असतोय बघ, त्यो टिकला.” पुढे कोल्हापुरात आयुष्यभर तिने एकाही जुन्या लुगड्याचा काठ टाकला नाही. गुंडाळ्या करून त्या ट्रंकेत ठेवायची, आणि आम्ही त्यांना अडगळ म्हणत होतो.

एक प्रश्न विचारून झाला की गप्प बसावे. दुसरा प्रश्न तयार असला तरी मनात वीसपर्यंत मोजावे. बहुतेक वेळा मोलाचे वाक्य त्या थांबण्यानंतर येते, आणि माझ्या जुन्या ध्वनिमुद्रणांत ते येण्याच्या जागी माझाच आवाज आहे, याचे मला अजून वाईट वाटते.

याहून मोठी चूक तारखेच्या बाबतीत झाली. रंगूनवर पहिले बाँब पडले ते नाताळच्या दिवशी, असे आजी म्हणाली. मी पुस्तकातून तयारी करून गेले होते, म्हणून मी म्हटले, “नाही आजी, २३ डिसेंबरला.” तिने हातातली शेंग सुपात ठेवली आणि म्हणाली, “तुला ठावं हाय तर मला कशाला इचारतीस?” त्यानंतर तीन आठवडे ती या विषयावर बोलली नाही. पुढे वाचताना कळले की जपानी विमानांनी २३ डिसेंबर १९४१ नंतर २५ डिसेंबरलाही रंगूनवर मोठा हल्ला केला होता. तिच्या वस्तीवर बाँब पडले ते या २५ तारखेला. मी तिची माफी मागितली, आणि त्यानंतर बोलणे चालू असताना एकदाही तिला दुरुस्त केले नाही.

दोन रकान्यांची वही

या चुकीनंतर मी जी पद्धत धरली ती सर्वांनी धरावी असा माझा आग्रह आहे. वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारावी. डावीकडे आजीचे शब्द लिहावेत, त्यात एका अक्षराचाही बदल करू नये. उजवीकडे आपल्याला पुस्तकांतून, कागदपत्रांतून किंवा नकाशावरून जे कळले ते लिहावे. दोन्ही जुळले तर आनंद आहे, न जुळले तर दोन्ही तसेच ठेवावे. उजव्या रकान्यासाठी डावा रकाना खोडायचा नाही आणि आजीवरच्या मायेपोटी उजव्या रकान्यात खोटे लिहायचे नाही.

ब्रह्मदेशातून आलेल्या आजीसाठी उजव्या रकान्यात निदान एवढे असावे. ब्रह्मदेश १ एप्रिल १९३७ रोजी हिंदुस्थानपासून प्रशासकीयदृष्ट्या वेगळा झाला, पण त्याआधीपासून रंगून शहरात निम्म्याहून अधिक वस्ती भारतीयांची होती. डिसेंबर १९४१ च्या बाँबहल्ल्यांनंतर लोक शहर सोडू लागले आणि ८ मार्च १९४२ रोजी रंगून जपान्यांच्या हाती गेले. ज्यांना जहाजात जागा मिळाली ते कलकत्ता, मद्रास, विशाखापट्टणमला उतरले. बाकीचे लाखो लोक चालत निघाले आणि पटकी, हिवताप, हगवण आणि उपासमार यांनी त्यांतले हजारो वाटेतच गेले.

आजी कोणत्या वाटेने आली हे तिच्या शब्दांवरून ओळखता येते. तिच्या बोलण्यात प्रोम, डोंगराची खिंड आणि मग होडी, आक्याब, चितगाव असे आले तर ती तौंगुपच्या खिंडीतून अराकान किनाऱ्याला उतरलेली असते. मंडाले, कालेवा, टामू, पळेल, इंफाळ, डिमापूर यांपैकी नावे आली तर ती मणिपूरची वाट आहे. भर पावसाळा, गुडघाभर चिखल, जळवा आणि लेडो हे शब्द आले तर ती हुकाँग खोऱ्यातून आसामात आली, आणि ही वाट सर्वांत जीवघेणी होती. नावे ती उच्चारेल तशीच देवनागरीत लिहावीत आणि नंतर नकाशावर शोधावीत. ‘मोनवा’ म्हणजे मोन्यवा, हे मला नकाशा समोर ठेवल्यावरच उमगले.

मणिपूरच्या वाटेवर ‘चहाच्या मळ्याची माणसं’ मोठ्या पिंपातून चहा देत होती, असे आजी सांगायची. जंगलात चहाचा मळा कुठून येणार, म्हणून ही लहान मुलीची कल्पना असावी असे मला वाटले होते. इंडियन टी असोसिएशन या मळेवाल्यांच्या संस्थेने त्या वाटांवर खरोखरच मदतीच्या छावण्या चालवल्या होत्या आणि तिथे निर्वासितांना चहा आणि अन्न दिले जात होते, हे पुढे वाचनात आले तेव्हा ते मी उजव्या रकान्यात लिहिले आणि आजीला वाचून दाखवले. “मग? मी सांगत हुते की,” एवढेच ती म्हणाली, पण त्या दिवशी ती नेहमीपेक्षा जास्त वेळ बोलली.

साल आठवत नसेल तर सण, पाऊस, शाळेतली इयत्ता आणि धाकट्या भावंडाचा जन्म यांच्या आधाराने क्रम लावावा. ‘पुण्यापासून छोट्या गाडीत बसलो आणि आमची कोल्हापूरला उतरायची वेळ झाली तेव्हा पहाट होती’ यातली छोटी गाडी म्हणजे मीटरगेज, कारण पुणे-मिरज-कोल्हापूर हा मार्ग त्या काळी मीटरगेजचाच होता. अशा बारीक गोष्टींवरूनही तिच्या आठवणीला आधार मिळतो.

जिथे ती थांबते

वाटेत आजीचा धाकटा भाऊ गेला. तो कुठे गेला, कशाने गेला, त्याचे पुढे काय केले, हे तिने कधी सांगितले नाही. त्याचे नाव तिने एकदाच घेतले, तेही मुद्रण बंद झाल्यावर. अशा ठिकाणी एकदा विचारावे, दुसऱ्यांदा विचारू नये. पाणी पुढे करावे, हातातले काम पुढे चालू द्यावे. ‘हे बंद कर’ असे ती म्हणाली तर लगेच बंद करावे, आणि ‘हे पूस’ म्हणाली तर तिच्या डोळ्यांसमोर पुसावे. आपल्या इतिहासाच्या हौसेपेक्षा तिचा शब्द मोठा आहे, आणि या बाबतीत मी कोणतीही सवलत मान्य करणार नाही. शेवटच्या बैठकीत हे कोणाला ऐकवायचे, कोणाला नाही, तिच्या पश्चात काय करायचे, हेही तिलाच विचारावे आणि तिचे उत्तर तिच्याच आवाजात मुद्रित करून ठेवावे.

कागदपत्रे

घरातल्या कागदांपैकी सर्वांत उपयोगी पडतो तो शाळा सोडल्याचा दाखला. त्यावर जन्मस्थळ असते आणि आधी शिकलेल्या शाळेचा उल्लेख असू शकतो. जन्मतारीख १ जून असेल तर मात्र ती शाळेत नाव घालताना अंदाजाने लिहिलेली असण्याचा संभव मोठा असतो. आजीचे माहेरचे पूर्ण नाव, तिच्या वडिलांचे नाव आणि ते जिथे नोकरीला होते ते खाते, या तीन गोष्टी आधी पक्क्या कराव्यात, कारण जुन्या सरकारी कागदांत दहा वर्षांच्या मुलीचे नाव सहसा वेगळे सापडत नाही, बापाचे सापडते. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातील कागदपत्रांची सूची ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर शोधता येते. शोधताना नावाची इंग्रजी अक्षरे चार-पाच प्रकारे बदलून पाहावीत. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. त्याआधीच्या संस्थानी कारभाराचे दप्तर कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात आहे. त्यातले जुने कागद मोडी लिपीत असल्यामुळे बरोबर मोडी वाचणारा माणूस न्यावा. जुनी पुस्तके आणि नियतकालिके पाहायची तर १८५० साली स्थापन झालेले करवीर नगर वाचन मंदिर शहरातच आहे.

वळिवड्याचा धडा

आजी हयात नसेल, तर तिच्याबरोबरच्या माणसांकडून आणि जागेकडून काय मिळू शकते याचे उदाहरण आपल्या शेजारीच आहे. १९४० आणि १९४१ मध्ये सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधली लाखो माणसे सैबेरियात आणि कझाकस्तानात नेऊन टाकली. जर्मनीने रशियावर स्वारी केल्यावर, जुलै १९४१ च्या कराराने त्यांची सुटका झाली, आणि १९४२ मध्ये त्यांतले अनेक जण कास्पियन समुद्र ओलांडून इराणात पोचले. तिथून भारतात आलेल्यांपैकी सुमारे ५,००० जणांना, ज्यांत बहुतेक बायका आणि मुले होती, कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत आसरा मिळाला. १९४३ ते १९४८ अशी पाच वर्षे तिथे त्यांची शाळा, दवाखाना आणि चर्च होते. पुढे ती जगभर पांगली, तरी त्या छावणीतल्या मुलांनी म्हातारपणी एकमेकांना शोधून आपल्या आठवणी जमा केल्या, आणि कोल्हापुरात महावीर उद्यानात त्यांचा स्मृतिस्तंभ उभा राहिला. ती छावणी रिकामी झाल्यावर त्याच बराकींत सिंधी निर्वासित आले आणि आजचे गांधीनगर उभे राहिले.

म्हणून गांधीनगरच्या एखाद्या आज्जींशी बोलायचे असेल, तर सुरुवात बराकीपासून करावी: भिंत कशाची होती, पावसात छप्पर कुठे गळे, पलीकडच्या खोलीतले बोलणे ऐकू येई का, आधी राहून गेलेल्यांचे काही शिल्लक सापडले का. वळिवडे आणि उचगावच्या मराठी घरांतल्या वृद्ध माणसांनाही विचारावे, कारण छावणीत दूध, भाजी आणि अंडी कोणीतरी नेऊन देतच असणार. एकाच जागेच्या तीन आठवणी शेजारी शेजारी लिहिल्या की पान भरते.

लिहून काढणे आणि जपून ठेवणे

ध्वनिमुद्रण ऐकत लिहून काढायला मला एका तासामागे सहा तास लागले. हे काम दुसऱ्यावर सोपवू नये, कारण आजीचे अर्धे शब्द घरच्यालाच कळतात. ‘हुतं’, ‘न्हवतं’, ‘इचारलं’ हे तसेच लिहावे. छापायचे तर भाषा शुद्ध करावी असे माझ्या चुलतभावाचे म्हणणे होते. मी ते ऐकले नाही, कारण रंगूनमध्ये जन्मलेली मुलगी शिवाजी पेठेत सत्तर वर्षे राहून कशी बोलू लागली, हाही तिच्या हकीगतीचाच भाग आहे. जिथे ऐकू आले नाही तिथे टिंबे द्यावीत आणि वेळ लिहावी, अंदाजाने शब्द भरू नये.

सगळे झाल्यावर तीन प्रती कराव्यात आणि त्या तीन घरांत ठेवाव्यात. आमची एक घरच्या कपाटात, एक सांगलीच्या आत्याकडे आणि एक पुण्यातल्या भावाकडे आहे. कागदावर छापलेली प्रतही हवीच, कारण पेनड्राइव्ह बंद पडतात. हयात माणसांची नावे, पत्ते आणि घरातले वाद असलेली पाने वेगळी काढून ठेवावीत आणि ती कोणालाही मोबाईलवर पाठवू नयेत. प्रत्येक पाकिटावर आजीचे माहेरचे आणि सासरचे पूर्ण नाव, जन्मगाव, मुद्रणाच्या तारखा आणि कोणी लिहून काढले ते शाईने लिहावे. आमच्या पाकिटात वहीबरोबर लुगड्याच्या काठाची एक गुंडाळीही आहे, आणि ती कशाची आहे हे तिच्यावरच दोऱ्याने बांधलेल्या चिठ्ठीत लिहिले आहे.